माहुलचा बुरूज आणि माझा शेरा

एक पडका किल्ला माझ्या हातून दोन फुटांनी वाढला. तोही आतून, बाहेरून होता तेवढाच राहिला. किल्ले जिंकणारे पुष्कळ झाले, बांधणारे झाले, पाडणारे तर आमच्याच खात्यात बसतात. पण भिंतीला हात न लावता, कचेरीत टेबलाशी बसून किल्ला वाढवणारा मी एकटाच असेन.

त्याचं असं झालं. मापं घ्यायची आमची कापडी टेप असते, तिच्या टोकाला पितळी कडी असते. कडी भिंतीच्या कोपऱ्याला धरायची, टेप ताणायची, आकडा वाचायचा. माझ्या टेपची कडी आणि तिच्याबरोबर पहिला फूटभर तुकडा कधीच तुटून गेला होता. नवी टेप मागितली तर आधी जुनी जमा करा म्हणतात, आणि जुनी जमा केली तर नवी येईपर्यंत वितीने मोजा म्हणतात. म्हणून सगळे करतात तेच मीही करत होतो. एक फुटाच्या खुणेपासून माप धरायचं आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. पहिलीतल्या मुलाला जमेल असं गणित. मला ते त्या दिवशी निम्म्या वेळा जमलं.

आमचे हेड ड्राफ्ट्समन साठे हे अशा गोष्टी शोधायलाच जन्माला आलेले. त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. चष्मा कपाळावर चढवला.

"गुप्ते, तुमच्या या किल्ल्याची आतली लांबी आणि दोन्ही भिंतींची जाडी यांची बेरीज बाहेरच्या लांबीपेक्षा दोन फूट जास्त भरते. पुष्पक विमानच की हो! सगळे बसले तरी आत जागा उरतेच."

"साहेब, त्या दिवशी पाऊस होता..."

"पावसाने दरवाजे फुगतात, भिंती नाही फुगत. परत जा. सगळी मापं पुन्हा घ्या."

एक कुठे वजा केला आणि कुठे नाही, हे आता देवालाच ठाऊक असल्यामुळे जाणं भाग होतं. त्या चुकीबद्दल मला चार लोकांत अजून चिडवतात. पण ती चूक झाली नसती तर पुढे जे झालं ते झालं नसतं, आणि हा लेखही मी लिहिला नसता.

माझं काम थोडक्यात सांगतो, कारण ते कोणालाच माहीत नसतं. आमच्या चाळीतल्या लोकांना इतकंच माहीत की गुप्ते सरकारी पगारावर सहलीला जातात. मुंबईच्या आसपास, साष्टीत आणि खाड्यांच्या काठाने जुने कोट, चौक्या, बुरूज, तटाचे तुकडे विखुरलेले आहेत. कोणी सुलतानाच्या काळातले सांगतात, कोणी फिरंग्यांचे, कोणी मराठ्यांचे. बहुतेक ठिकाणी तिघांचेही दगड एकाच भिंतीत असतात. त्या प्रत्येकाची नोंद करायची. लांबी, रुंदी, उंची, भिंतीची जाडी, दगडाची जात, सध्याची स्थिती. आणि नोंदवहीत शेवटचे दोन रकाने: एक 'सध्याचा उपयोग' आणि दुसरा 'शेरा'. हे दोन रकाने सगळ्यांत लहान आहेत. पण खरी वही म्हणजे ते दोन रकानेच. बाकीचे आकडे कोणी बघत नाही. साहेब लोक शेरा वाचतात आणि खाली सही करतात. "जतन करावे" लिहिलं की गवत वाढतं. "पाडण्यास हरकत नाही" लिहिलं की लगेच कुदळी येतात.

लोक आम्हाला काय समजतात तेही सांगायला हवं. मुलुंडच्या पलीकडे एका टेकडीवरच्या पडक्या चौकीचं माप घेत होतो, तेव्हा गावचे एक पाटील नारळ, लिंबू आणि गुलाल घेऊन हजर. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या तीन पायांच्या दुर्बिणीतून जमिनीखालचं दिसतं ना? खरं सांगा. निम्मं तुमचं."

मी म्हटलं, "पाटील, मला जमिनीवरचंच अजून धड दिसत नाही."

मी तेव्हा विनोद केला होता. पुढे माहुलला कळलं की ती वस्तुस्थिती होती.

माहुलच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथे, खडकावर एक चौकोनी कोट होता. बाजूला चाळीस-बेचाळीस फूट, छप्पर नाही, आत रानकारवीचं जंगल, आणि समुद्राकडच्या कोपऱ्यात एक उंच बुरूज. ओहोटीला चिखलातून चालत जाता येतं, भरतीला चहूकडे पाणी. घाटकोपरहून चेंबूर आणि तिथून पायी. गणपती नुकतेच गेले होते. बरोबर टेप धरायला राघो. राघो म्हणजे आमच्या खात्यातला सर्वांत जुना शिपाई. मी साहेब असलो तरी दुपारचं जेवण कुठे आणि कधी हे तोच ठरवायचा.

त्या पहिल्या दिवशी आम्ही ओहोटीला गेलो आणि भरती यायच्या आत परतलो. घाईच घाई. बुरुजाचा समुद्राकडचा अख्खा भाग कोणीतरी पांढराशुभ्र रंगवला होता. ताजा चुना, हात लावला तर बोटाला लागत होता. मला खरंच राग आला. तीन-चारशे वर्षांचा काळा दगड, आणि त्यावर कोणीतरी गोठ्याच्या भिंतीसारखा चुना फासलेला! राघो म्हणाला, "साहेब, कोळ्यांनी लावला असंल." मी म्हटलं, "कोणी का लावला असेना." बस्स, एवढीच चौकशी. नोंदवहीत मी सुंदर अक्षरात लिहिलं: सध्याचा उपयोग, नाही. शेरा: दर्शनी भाग चुन्याने विद्रूप केलेला आहे, दगड चांगला आहे, पाडण्यास हरकत नाही.

'दगड चांगला आहे' ही माझी हुशारी. कारण त्या बाजूला तेव्हा रस्त्याचं नि बांधाचं काम जोरात होतं, तेलाच्या कारखान्यांची धुरांडी उभी राहत होती, आणि दगड जवळ मिळाला तर साहेब खूश होतील हे मला माहीत होतं. त्या वर्षी माझं नाव बढतीसाठी वर गेलं होतं. साहेब खूश राहिलेले बरे.

साठ्यांनी मापांसाठी मला परत पाठवलं तोवर दसरा होऊन गेला होता. माझा शेरा माझ्या मापांपेक्षा वेगाने वर गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

या खेपेला आम्ही उशिरा पोचलो. भरती सुरू झालेली, चिखलाची वाट पाण्याखाली. कोळीवाड्याच्या धक्क्यावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. पांडू नाखवा. वयोमानाने समुद्रावर जाणं सोडलं होतं, पण होडी होती. मी म्हटलं, "नाखवा, कोटावर सोडाल का?"

त्याने मान वर केली. माझ्या हातातली टेप पाहिली, राघोच्या खांद्यावरची लाल-पांढरी काठी पाहिली.

"तुमीच कं ते कोट पाडनारे?"

"मी मापं घेणारा."

"मंग सकाली मानसां गेली ती कोनाची? कुदली घेऊन धा-बारा जन गेलंत. पाडाया आलंव म्हनाले."

मागे दारात मासे सुकत घालणारी त्याची बायको चांगुणाबाई, ती कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"ए सायब, आमची दोन पोरां भाएर हायत. सगल्या होऱ्या भाएर हायत. दुपारच्या भरतीला येतील. कोट नाय दिसला तं कशी येतील आत, सांग ना? तुझा टेप धरून?"

मला काहीच समजेना. मी म्हटलं, "बाई, कोटाचा आणि होड्यांचा काय संबंध?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. म्हातारा उठला. "बसा होरीत," एवढंच म्हणाला.

तो मला सरळ कोटाकडे नाही घेऊन गेला. आधी बाहेर, खाडीच्या तोंडापलीकडे नेलं. होडी वळवली आणि म्हणाला, "आता हात घाला पान्यात."

मी घातला. वीतभर खाली बोटांना खडक लागला. धारदार, शिंपल्यांनी भरलेला. दुसऱ्या बाजूला घातला, तिथेही खडक. वरून पाहावं तर पाणी कसं गुळगुळीत, जणू खाली काहीच नाही.

"ही खडपां दोनी बाजूनं हायत. मदी वाट हाय, दोन होऱ्या बाजूबाजूनं जातील एवरी. ती वाट दिसत नाय. मंग कशी कलायची? आता समोर बगा."

समोर पांढरा बुरूज. त्याच्या मागे, दूर, तुर्भ्याचा डोंगर. त्या डोंगराला एका बाजूला खांद्यासारखा उतार आहे.

"बुरूज डोंगराच्या खांद्यावर बसला, कं सरल आत यावा. खांद्यावरून घसरला, कं खडपावर गेला. माजा बाप असाच आत आला, त्याचा बाप असाच आला. काला दगड उनात दिसत नाय म्हनून नारली पुनवेला चुना लावतांव. नारल फोडून. मंगच होऱ्या सोडतांव."

माझी बोटं अजून पाण्यातच होती. ज्याला मी विद्रूप लिहिलं होतं तो या लोकांचा दिवा होता. मी अगदीच हरलेल्या माणसाचा प्रश्न विचारला. "नाखवा, आता तर धुरांडी झाली आहेत. त्यांची खूण नाही चालणार?"

"ती वाटेवर नायत. नि आज एक हाय, उद्या चार होतील. कोट हललाय कं कंधी?" मग जरा थांबून म्हणाला, "आजवर तं नाय हलला."

कोटावर पोचलो तेव्हा बुरुजाच्या माथ्यावरचे आठ-दहा दगड खाली पडलेले होते. तिथे मुकादम होता, साताऱ्याकडचा, मिशीवाला, कामाचा माणूस. मी म्हटलं, "थांबा, थांबा. हे काम थांबवा."

"कोणाचा हुकूम?"

माझ्याकडे हुकूम नव्हता. त्याच्याकडे मात्र होता. त्याने खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यावर टंकलिखित अक्षरात माझंच वाक्य होतं. दगड चांगला आहे, पाडण्यास हरकत नाही.

"शेरा तुमच्याच खात्याचा आहे साहेब."

"खात्याचा नाही, माझाच आहे," असं तोंडावर आलं होतं. राघोने माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाने अठरा वर्षांत मला एकही सल्ला दिला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने काही न बोलता टेप उलगडली, तिचं तुटकं टोक बुरुजाच्या कोपऱ्याला धरलं आणि ओरडला, "साहेब, वाचा!"

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी आवाज चढवला. "मुकादम, माणसं खाली उतरवा. मापणी चालू आहे."

"पाडायच्या भिंतीची मापणी कशाला?"

"पाडायच्या भिंतीचीच पक्की मापणी लागते! किती दगड होता हे आधी लिहिलेलं नसेल तर किती निघाला हे तुम्ही कशावरून दाखवणार? आणि जुनी मापं चुकलेली आहेत. आमच्या हेडसाहेबांनी तसं सांगून मला पाठवलंय. जाऊन विचारा."

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. चुकीच्या मापांच्या जोरावर मी एवढा ताठ कधीच उभा राहिलो नव्हतो. मुकादमाने डोकं खाजवलं. मापणी चालू असलेल्या भिंतीला हात लावायचा नाही हा नियम त्यालाही माहीत होता. त्याने माणसांना खाली बोलावलं. ती सावलीत बसली, तंबाखू मळू लागली.

मग आम्ही जी मापणी केली तशी खात्याच्या इतिहासात झाली नसेल. बुरूज खालून मोजला, मधून मोजला, वरून मोजला. मग प्रत्येक दगड वेगळा मोजला. लांबी, उंची, आणि दोन दगडांमधल्या चुन्याची जाडी. राघो ओरडायचा, मी लिहायचो, आणि प्रत्येक वेळी एक वजा करायचो. त्या दिवशी एकदाही विसरलो नाही. मुकादम म्हणाला, "साहेब, असंच चाललं तर शिमगा येईल." मी म्हटलं, "दगड जुना आहे, घाई करून कसं चालेल?"

तीनच्या सुमाराला पांडू नाखवा खालून ओरडला, "आयल्या!"

मी बुरुजाच्या माथ्यावर होतो. शिडं दिसली. एक, मग तीन, मग अकरा. बाहेर ती कशीही विखुरलेली होती. जवळ येता येता एकामागे एक झाली, माळेतल्या मण्यांसारखी. प्रत्येक होडीचं नाक थेट माझ्याकडे वळलेलं. म्हणजे माझ्याकडे कसलं, माझ्या पायाखालच्या चुन्याकडे. दोन्ही बाजूंना खडपावर फेस दिसत होता आणि मधून त्या एकामागे एक निवांत आत येत होत्या. सुकाणूवरचा माणूस खाली पाण्याकडे बघतच नव्हता. तो वर बघत होता. अठरा वर्षांच्या नोकरीत मी शेकडो भिंती मोजल्या. भिंत काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मुकादमही पाहत होता. तोही शेवटी कोणाचा तरी मुलगा. म्हणाला, "साहेब, तुमची मापणी उद्याही चालेल ना?"

"परवापर्यंत तरी नक्की."

"मग आम्ही त्या मागच्या पडलेल्या भिंतीकडं बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ्यांच्या टेबलाशी उभा राहिलो. मापांचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी चाळला. "प्रत्येक दगड? गुप्ते, तुम्हाला बरं आहे ना?"

मी सगळं सांगितलं. शेरा खोडायचा आहे म्हटलं. आमच्याकडे शेरा खोडायचा तर लाल शाईने खोडावा लागतो, शेजारी कारण लिहून सही करावी लागते, आणि ती वही वरपर्यंत सगळे पाहतात. लाल शाई म्हणजे कपाळावरचा डाग.

"गुप्ते, बढतीच्या वर्षी हे करताय?"

"साहेब, अकरा होड्या आहेत."

"कारण काय लिहू? जागा चुकली? नकाशा चुकला? मी काहीतरी सभ्य लिहितो."

"लिहा, सर्व्हेअरने विचारलं नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग दौत माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी उपयोगाच्या रकान्यातलं 'नाही' खोडलं. त्या इवल्याशा जागेत काय काय मावणार? लिहिलं: कोळी लोकांच्या होड्या यावरून वाट काढतात. चुना त्यासाठीच. पाडू नये.

पुढे खुलासे झाले, स्मरणपत्रं झाली, एक साहेब जातीने येऊन होडीत बसून गेले. शेवटी हुकूम आला: बुरूज वगळावा. बुरूज वगळला, बाकी चारही भिंतींचा दगड रस्त्याखाली गेला. म्हणून मी किल्ला वाचवला असं कोणी म्हटलं की मी गप्प बसतो. चार भिंती माझ्या एका ओळीने गेल्या, त्यांच्यासाठी लाल शाई पुरली नाही. पण बुरूज उभा आहे. अभिमानाने सांगण्यासारखं नोकरीत माझ्याकडे फार नाही, हे आहे.

बढती दुसऱ्याला मिळाली. घरी मी ते सांगितलं नाही. ही विचारायची, "यंदा काही आलं का हो वरून?" आणि मी म्हणायचो, "सरकारी काम, गं. चालायचंच."

पुढच्या नारळी पौर्णिमेला पांडू नाखवा स्वतः घाटकोपरला आमच्या चाळीत आला. हातात दोन मोठे पापलेट, केळीच्या पानात गुंडाळलेले. आमच्या हिला म्हणाला, "बाय, चुना लावायला सायबांना पाठवा. तुमीबी या." ही पाण्याला भयंकर भिते, जुहूलासुद्धा घोट्याच्या वर पाय भिजवत नाही. मला वाटलं नाही म्हणेल. म्हणाली, "येते की!"

चांगुणाबाईने नारळ फोडला आणि कुंचला माझ्या हातात दिला. पहिला हात माझा. मी चुना बुरुजाला कमी आणि स्वतःला जास्त लावला, आणि किनाऱ्यावरच्या बायका हसून हसून लोळल्या. मग नाखव्याने आम्हा दोघांना होडीत घालून बाहेर नेलं. परतताना त्याने हिला पुढे बसवलं. "बाय, बुरूज डोंगराच्या खांद्यावर बसला, कं सांग मना. तू सांगशील तवाच वलवीन."

ही दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरून, डोळे ताणून बसली होती. बाजूला खडपावर लाट फुटली, तुषार अंगावर आले, तरी हिने मान वळवली नाही. आणि एकदम ओरडली, "बसला! बसला! वळवा!"

होडी आत शिरली.

घरी आलो. हिने चहा टाकला. मी चुन्याने भरलेला सदरा काढत होतो आणि मनात म्हणत होतो, आज सांगून टाकावं. म्हटलं, "ऐक ना. ती बढती..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "साठे वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितलं मला. दुसऱ्याला मिळाली, आणि का मिळाली, तेही. तेव्हापासून रागावले होते तुमच्यावर. घरात सांगायला काय झालं होतं? ठरवलं होतं, आपण होऊन सांगेपर्यंत राग सोडायचा नाही. पण आज त्या होडीत तो सुटला. धरून ठेवायला हात मोकळे नव्हते." तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. "सात महिने याच दोन खोल्यांत मी रागावून वावरत होते, आणि तुम्हाला पत्ता नाही. आणि म्हणे सर्व्हेअर!"